खांबावर चढण्यापूर्वी



प्रत्येक गावात एक धीट पोर असते. वळवाचा पाऊस येऊन गेला, गावाची लाईट गेली, की लोक त्याला हाक मारतात. तो येतो, पक्कड घेतो, काठीने काहीतरी ढोसतो, डीपीच्या पेटीत उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा एक तुकडा अडकवतो, आणि लाईट येते. लोक म्हणतात, "पोरगं लई हुशार!" पोरगा खूश, गाव खूश. असे दहा वेळा होते, वीस वेळा होते. आणि मग एखाद्या वेळी ओली जमीन, चिकटून राहिलेले स्विचचे पाते, किंवा दुसऱ्या लाईनची लोंबती तार आड येते, आणि एका घरातला कर्ता मुलगा जातो. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. दुसऱ्या वर्षी त्याच डीपीवर दुसरा धीट पोरगा उभा असतो.

या पोराला रागावून काही होणार नाही. त्याच्या अंगी धाडस आहे, हात चपळ आहेत, यंत्राची आवड आहे. हे सारे भांडवलच आहे. उणीव आहे ती एका गोष्टीची. विजेच्या कामात कुठे हात घालावा हे त्याला पाहून पाहून कळले आहे. कुठे हात घालू नये, हे कोणी शिकवलेले नाही. आपल्या हळदीच्या मुलखात एक म्हण सर्वांच्या तोंडी आहे: अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे. इतर धंद्यांत अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्याचे फार तर हसे होते. विजेच्या धंद्यात त्याचा जीव जातो. म्हणून उरलेले अर्धे हळकुंड कुठे मिळते, किती दिवसांत मिळते आणि ते मिळाल्यावर पुढे काय होते, हे आज सविस्तर पाहू.

आधी आपल्या भागातली वीज पाहू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, त्याच्या पायथ्याशी पाण्यावर चालणारे वीजकेंद्र आहे. त्याची ताकद साडेबावीस मेगावॉट. तेथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात येते आणि कालव्यांनी शेतात जाते. राज्याची वीज सांभाळण्यासाठी १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याचे भाग पडले: वीज तयार करणारी महानिर्मिती, ती दूरवर वाहून नेणारी महापारेषण, आणि घरोघर व शेतोशेत पोचवणारी महावितरण. आपला संबंध येतो तो बहुतेक महावितरणशी. पण खांब कोणाचेही असोत, त्यांच्यावर काम करणारा हात शिकलेला पाहिजे.

हे शिक्षण देणारी शाळा म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. आपण तिला आयटीआय म्हणतो. देशात कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० साली सुरू झाली. हिंगोलीला शासकीय संस्था आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणीही अशा संस्था आहेत. म्हणजे मुलाला यासाठी पुण्या-मुंबईला धाडावे लागत नाही. विजेच्या कामाचे दोन मुख्य व्यवसाय तेथे शिकवतात. एक वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. दुसरा तारतंत्री, म्हणजे वायरमन. दोन्हींची मुदत दोन वर्षे. वीजतंत्रीसाठी मुलगा किंवा मुलगी दहावी उत्तीर्ण पाहिजे, आणि दहावीला विज्ञान व गणित हे विषय हवेत. काही व्यवसायांची अट याहून सौम्य असते. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी. प्रवेश दहावीच्या गुणांवर, गुणवत्तेच्या यादीने होतो आणि अर्ज संगणकावर भरावा लागतो. वीजतंत्रीला मागणी मोठी असते. तेव्हा "पोराला कुठेच जमेना, घाला आयटीआयला" हा विचार सोडून द्यावा. येथेही चांगले गुण लागतात, आणि पुढे चांगली समजही लागते.

आता तेथे शिकवतात काय? पहिल्या दिवशी खांबावर चढवतात, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. तसे काही नाही. पहिले कित्येक दिवस कानस, हातोडी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर यांच्याशी ओळख करून घेण्यात जातात. लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी करायचा, गुण्याने तपासायचा. मुले कंटाळतात. पण हाताला माप कळल्याशिवाय पुढचे काही खरे नाही. मग तारेचे सांधे येतात. पीळ कसा द्यायचा, किती वेढे घ्यायचे, झाळायचे कसे, हे सारे. आपण घरी दोन तारा गुंडाळून वर पट्टी चिकटवतो आणि झाला सांधा म्हणतो. ढिला सांधा तापतो, तापून त्याचा विरोध वाढतो, विरोध वाढून आणखी तापतो, आणि एक दिवस कडब्याच्या गंजीला किंवा घराच्या माळवदाला आग लागते. सांधा हे बारीक काम दिसते, पण आगीचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

त्यानंतर हिशोब येतो. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम येथे पोटापाण्याला लागतो. गुरुजींनी तो कालव्याच्या उदाहरणाने सांगावा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब. हा झाला व्होल्ट. नळातून दर क्षणाला जाणारे पाणी म्हणजे प्रवाह; हा झाला अँपिअर. नळ अरुंद असला तर अडथळा जास्त. हा झाला ओहम. दाबाला अडथळ्याने भागले की प्रवाह मिळतो. आता हाच हिशोब माणसाच्या शरीराला लावून पाहा. घरातला दाब २३० व्होल्ट. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा अडथळा १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. भागाकार केला तर उत्तर येते ०.२३ अँपिअर. साठ वॉटचा जुना दिवा साधारण इतकाच प्रवाह घेतो. आणि हृदयाची लय बिघडवायला याच्या निम्माही पुरतो. म्हणूनच जीव वाचवण्यासाठी घरात जो स्विच बसवतात, तो फक्त ०.०३ अँपिअर प्रवाह वाट चुकून जमिनीत जाऊ लागला की लाईट तोडतो. "थोडा करंट बसला तर काय होतंय" म्हणणाऱ्याला हा भागाकार फळ्यावर करून दाखवावा.

दुसरा हिशोब डीपीचा. डीपी म्हणजे रोहित्र. वरून ११,००० व्होल्टची लाईन येते, रोहित्र तिचा दाब उतरवून ४३३ व्होल्ट करते, आणि ती वीज आपल्या मोटारीला मिळते. १०० केव्हीएचे रोहित्र घ्या. वरच्या बाजूला त्यात साधारण सव्वापाच अँपिअर येतात, आणि खालच्या बाजूला सुमारे १३३ अँपिअर मिळतात. दाब पंचवीसपट कमी झाला, म्हणून प्रवाह पंचवीसपट वाढला. वीज दुरून आणताना दाब मोठा ठेवतात तो याचसाठी. प्रवाह कमी, म्हणून तार बारीक चालते आणि वाटेत वीज कमी वाया जाते.

आता या १३३ अँपिअरवर किती मोटारी चालतील? पाच अश्वशक्तीची मोटार चालती असताना साडेसात अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. पंधरा मोटारींचे झाले एकशे साडेबारा. म्हणजे रोहित्राला ओझे झेपते. पण मोटार सुरू होताना, पहिल्या काही क्षणांत, ती सहापटीपर्यंत प्रवाह ओढते. एकेकाने थांबून थांबून मोटार लावली तर काही बिघडत नाही. पण आपण काय करतो? रात्री उठायला नको म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावून ठेवतो. लाईट आली की पंधराही मोटारी एकाच क्षणी उठतात. पंधरा गुणिले पंचेचाळीस, म्हणजे ६७५ अँपिअर. रोहित्राच्या ताकदीच्या पाचपट! फ्यूज उडतो. मग कोणीतरी तेथे जाड तार अडकवतो, म्हणजे फ्यूज उडायचे थांबते आणि रोहित्रच जळते. ऐन पाण्याच्या पाळीत दुसरे रोहित्र येईपर्यंत पीक वाळते. यात दोष महावितरणचा किती आणि आपला किती, हे शिकलेला वीजतंत्री गावाला अंकांनी पटवून देऊ शकतो. ऑटोस्विच काढा, मोटारीला योग्य कपॅसिटर लावा, आणि फ्यूजची तार ठरलेल्या मापाचीच वापरा, असे सांगणारा माणूस गावातलाच असला तर लोक ऐकतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बंद लाईनवर काम करण्याची रीत, हा या दोन वर्षांतला सर्वांत मोलाचा धडा आहे. आपण म्हणतो, "लाईट गेली आहे, चढ वर." शिकलेला माणूस लाईट गेली म्हणजे लाईन बंद असे मानत नाही. तो आधी उपकेंद्रातून रीतसर परवानगी घेतो. तिला परमिट म्हणतात. परमिट परत करेपर्यंत तिकडचा माणूस ती लाईन चालू करू शकत नाही. मग तो डीपीवरचा स्विच उघडतो, आणि उघडल्यावर मान वर करून तीनही पाती खरोखर सुटली का ते डोळ्यांनी पाहतो. दांडा खाली आला तरी एखादे पाते गंजून चिकटून राहते, आणि घात करते ते तेच. मग स्विचला कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, आणि "माणसे काम करीत आहेत" अशी पाटी अडकवतो.

एवढ्यावरही तो थांबत नाही. तो लाईन तपासतो. तपासायचे साधन त्या दाबासाठीच बनवलेले पाहिजे. खिशातला छोटा टेस्टर ११,००० व्होल्टच्या लाईनजवळ नेणे म्हणजे मरण ओढवून घेणे. तपासण्याचीही एक रीत आहे. साधन आधी चालू विजेवर लावून ते बरोबर आहे ना ते पाहायचे, मग बंद केलेल्या लाईनवर लावायचे, आणि नंतर पुन्हा चालू विजेवर. मधल्या वेळात साधनच बिघडले असेल तर ते तिसऱ्या खेपेला कळते. मग अर्थिंगच्या दांड्यांनी, ज्याला डिस्चार्ज रॉड म्हणतात, तीनही तारा जमिनीला जोडून टाकायच्या. या जोडणीत दांड्याचे जमिनीकडचे टोक आधी जोडायचे, तारेकडचे नंतर. आणि काढताना उलट. इतके सगळे झाल्यावर हातमोजे, शिरस्त्राण आणि कमरपट्टा लावून वर चढायचे.

कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीची गरज काय? गरज अशी की बंद लाईन चालू होण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. गावठाणची लाईन आणि शेतीची लाईन वेगळ्या असतात, आणि काही ठिकाणी त्या एकमेकींना ओलांडून जातात. एक गेली म्हणून दुसरी गेली असे नसते. शेतीची वीज पाळीने येते. तिची वेळ बदलली तर गावात प्रत्येकाला ते ठाऊक असतेच असे नाही. लग्नाच्या मांडवात किंवा दुकानात कोणी जनरेटर चुकीचा जोडला तर त्याची वीज उलटी वर जाते आणि रोहित्रातून तिचा दाब हजारो व्होल्ट होतो. तारा जमिनीला जोडलेल्या असल्या तर अशी चोरपावलांनी आलेली वीज माणसातून न जाता जमिनीत जाते. हे सारे टप्पे एकेका वाटेला कुंपण घालतात. धीट पोराला यातले एकही कुंपण माहीत नसते.

अर्थिंगविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो आपल्या जमिनीचा प्रश्न आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात ती वाळते, भेगाळते, आणि गाडलेल्या पाइपापासून सुटते. मग अर्थिंग असून नसल्यासारखे. म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. विहिरीवरच्या मोटारीचे अर्थिंग गेल्या वर्षभरात कोणी पाहिले आहे का, हे आज घरी गेल्यावर विचारा.

तुटून पडलेल्या तारेचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. तार जमिनीवर पडली की वीज भोवताली पसरते. जवळ दाब जास्त, दूर कमी. माणूस ढांगा टाकत गेला तर एका पायाखाली एक दाब, दुसऱ्या पायाखाली दुसरा, आणि त्या फरकाने प्रवाह पायांतून चढतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांतले अंतर आपल्या पावलापेक्षा मोठे, आणि मध्ये त्याचे काळीज. म्हणून माणसाला केवळ झिणझिणी आली तेथे बैल जागीच कोसळतो. अशा जागी सापडलात तर पाय जुळवून, जमिनीला घासत, अगदी लहान पावलांनी बाहेर निघा. इतरांना दूर ठेवा, आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा.

आता नव्या कामाकडे वळू. गेल्या काही वर्षांत शेतात सौर पंप उभे राहू लागले. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ साली आली. महाराष्ट्रात २०२४ साली "मागेल त्याला सौर कृषी पंप" ही योजना निघाली. तिच्यात शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी विसावा, असे ठरले. त्याआधी २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या लाईनला दिवसा वीज द्यायची अशी कल्पना आहे. म्हणजे उद्याच्या वीजतंत्रीला खांबाइतकीच सौर प्लेटांचीही माहिती हवी.

येथेही अर्ध्या ज्ञानाचा धोका आहे, आणि तो वेगळ्या जातीचा आहे. खांबावरची वीज स्विचने बंद होते. प्लेटेवर ऊन पडते आहे तोपर्यंत प्लेटेतली वीज बंद होत नाही. तेथे सूर्यच चालू आहे! स्विच काढला तरी प्लेटांपासून स्विचपर्यंतच्या तारा जिवंतच असतात. एका प्लेटेचा दाब चाळीस-पन्नास व्होल्ट, म्हणून लोक तिला खेळणे समजतात. पण पंपासाठी अशा दहा-पंधरा प्लेटा एकीमागे एक जोडलेल्या असतात, आणि दाब ४०० व्होल्टच्याही वर जातो. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहणारी. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच काढताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. प्लेटेची वीज शून्यावर येतच नाही. चालू पंपाचा जोड उपटला तर ज्वाळेसारखी ठिणगी तेथेच जळत राहते. म्हणून आधी पंप बंद, मग स्विच, मग जोड, हा क्रम कधी मोडायचा नाही.

हे काम शिकलेल्याला शेतकऱ्याचा फायदाही करून देता येतो. हिंगोली विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेवीस अंशांवर आहे. म्हणून येथे प्लेटांचे तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण वीस अंश ठेवला तर वर्षभरात चांगली वीज मिळते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४,८०० वॉटच्या आसपास प्लेटा लागतात. पण प्लेटेवर लिहिलेले वॉट पंचवीस अंश तापमानाचे असतात. त्यावर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज घटते. मेच्या उन्हात प्लेट साठ अंशांपर्यंत तापली तर शेकडा चौदा इतकी घट होते. "ऊन एवढे कडक, आणि पाणी कमी का?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे धुळीत आहे. प्लेटा सकाळी, थंड असताना पुसाव्यात. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारू नये.

सौर कामासाठी आयटीआयच्या योजनेत एक वर्षाचा वेगळा व्यवसायही आहे, पण तो सगळ्याच संस्थांत नसतो. केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली "सूर्यमित्र" नावाचे सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुरू केले, ते मुख्यतः आयटीआय झालेल्यांसाठी. माझे मत असे की आधी दोन वर्षांची वीजतंत्रीची पक्की बैठक घालावी आणि त्यावर सौर शिक्षण घ्यावे. पाया असला की वरचा मजला बांधता येतो.

दोन वर्षे संपली, देशपातळीवरची परीक्षा झाली, प्रमाणपत्र हाती आले. पुढे काय? पुढे शिकाऊ उमेदवारी. १९६१ सालच्या कायद्याने ती ठरवून दिली आहे. कारखान्यात, वीज कंपनीत किंवा एखाद्या आस्थापनेत उमेदवार म्हणून काम करायचे, विद्यावेतन घ्यायचे, आणि जुन्या जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायचे. हा काळ वाया गेला असे समजू नये. शाळेत पोहण्याची पुस्तके वाचली, आता पाण्यात उतरण्याची पाळी. घरांची वायरिंग स्वतंत्रपणे करायची तर विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून परवानाही घ्यावा लागतो. नव्या कनेक्शनसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतात तो याचसाठी.

नोकरीविषयी स्पष्ट सांगणे बरे. महावितरणमध्ये सुरुवातीची जागा विद्युत सहायकाची. २०२३ च्या अखेरीस अशा ५,३४७ जागांची जाहिरात निघाली होती. आकडा मोठा दिसतो, पण तो साऱ्या महाराष्ट्राचा. तेव्हा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नोकरी दारात आली, असे कोणी आईबापांना सांगू नये. पण काम पुष्कळ आहे. बोअरच्या आणि विहिरीच्या मोटारी जळतात, त्यांचे वाइंडिंग करणारे हवेत. हळद काढणीच्या दिवसांत पॉलिशचे ढोल दिवसरात्र फिरतात. त्यांच्या मोटारी, स्टार्टर आणि केबली पाहणारा माणूस वेळेवर भेटत नाही. साखर कारखाने, जिनिंग, गिरण्या, दूध थंड करण्याची यंत्रे आणि घराच्या छपरावरच्या सौर प्लेटा हे सारे आहेच. ज्याला आणखी शिकायचे असेल त्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेसाठी थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही ठेवलेली आहे.

आणि हे मुलांपुरतेच आहे असे समजू नका. शासकीय संस्थांत मुलींसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ आज खांबावर चढून काम करतात. वर सांगितलेली सारी रीत पाहा. तिच्यात मनगटाच्या जोरापेक्षा क्रम पाळण्याची सवय जास्त लागते. ती सवय आपल्या लेकींना कोणी नव्याने शिकवायला नको.

गुरुजनांना एक विनंती. दहावीचा निकाल लागण्याआधीच, उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी, मुलांना घेऊन एकदा जवळच्या आयटीआयच्या कार्यशाळेत जाऊन या. आधी पत्र पाठवून विचारा. निदेशक मंडळी आनंदाने दाखवतील. मुलांना यंत्रे पाहू द्या, प्रश्न विचारू द्या. वर्गात ओहमचा नियम शिकवताना गावच्या डीपीचा हिशोब मांडा. त्यावर किती केव्हीए लिहिले आहे ते कुंपणाबाहेरूनच वाचून या. आणि ज्या पोराला गाव "लई हुशार" म्हणते, त्याला मुद्दाम बोलावून घ्या. तो वर्गात मागच्या बाकावर बसत असेल. अर्ज भरायला, दाखले काढायला त्याला मदत करा, कारण बहुधा याच पायरीवर तो अडतो.

गावकऱ्यांनाही एक सांगणे. तो पोरगा शिकून येईपर्यंत त्याला डीपीवर पाठवू नका. लाईट गेली तर तक्रार नोंदवा, लाईनमन येईपर्यंत थांबा. एक रात्र अंधारात काढल्याने कोणाचे घर बुडाले नाही. कोणाला विजेचा धक्का बसलाच तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी घरातला स्विच बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा. हे घरच्या विजेपुरतेच. ११,००० च्या लाईनजवळ काठीसुद्धा नेऊ नका. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, जोराने दाबत राहा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. हेही आयटीआयमध्ये शिकवतात, पण ते शिकायला आयटीआयपर्यंत जाण्याची गरज नाही. गावच्या शाळेत एका दुपारी आरोग्य केंद्राच्या माणसाला बोलावून सर्वांनी शिकून घ्यावे.

यंदाचा निकाल लागला की तुमच्या गावातून दोन-चार मुलामुलींची नावे या कामासाठी पुढे यावीत, एवढे सांगून हे बोलणे पुरे करतो.